पाच मागण्यांचा अर्ज : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे जीवन

शाळेच्या वेळापत्रकात सोमवार ते शनिवार असे सहा रकाने असतात. रविवारचा रकाना नसतो. गेल्या साठ वर्षांत आपल्या शाळेत जे विद्यार्थी शिकून गेले, त्यांच्यापैकी कोणालाही या न छापलेल्या रकान्याविषयी कधी प्रश्न पडला नसेल. रविवार हा सुट्टीचा, हे आपण पावसाळ्यात पाऊस पडतो तितक्या सहजतेने गृहीत धरले आहे.

परंतु एक काळ असा होता की त्याच रविवारी मुंबईतील सरकारी कचेऱ्या आणि शाळा बंद असत, आणि त्याच शहरात काही मैलांवर गिरण्यांची धुरांडी धूर ओकत असत. साहेबाच्या हाताखालील कारकुनाला रविवार होता. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला तो नव्हता. गिरणी कामगारांसाठी हा एक दिवस ज्या गृहस्थांनी अनेक वर्षे अर्ज लिहून, सह्या गोळा करून आणि सभा भरवून मिळवला, त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीटही काढले. तरीही महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना हे नाव फारसे परिचित नाही. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या जीवनाची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर गावचे, फुलमाळी समाजातले. घरची परिस्थिती बेताची. ज्या काळात बहुजन समाजातील मुलगा पाटीवर धुळाक्षरे गिरवू लागला तरी गावात नवल वाटे, त्या काळात त्यांनी ठाण्यात इंग्रजी शिक्षण घेतले. मात्र पुढे शिकण्याइतकी ऐपत नव्हती. शिक्षण थांबले आणि नोकरी सुरू झाली. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात, आणि त्यानंतर मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केले.

ही शेवटची नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. स्टोअरकीपर हा गिरणीत सर्वांना भेटणारा माणूस. त्याच्याकडे जॉबर येतो, मिस्त्री येतो, तेल आणि वाद्या न्यायला कामगारही येतो. कोणाचा हात यंत्रात सापडला, कोणाचा पगार अडला, कोणाला कामावरून काढले, हे त्याच्या कानावर पडल्यावाचून राहत नाही. नारायणराव स्वतः साच्यावर राबले नाहीत. पण राबणाऱ्यांचे जिणे त्यांनी आतून पाहिले.

ते जिणे कसे होते, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबईतील पहिली कापड गिरणी काढण्याची योजना कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली आखली आणि पुढील दोन वर्षांत ती ताडदेव येथे सुरू झाली. त्यानंतरच्या तीन दशकांत गिरण्यांची रांगच उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून दुष्काळाने, कर्जाने आणि जमिनीच्या तुकड्यांनी गांजलेली माणसे मुंबईकडे आली. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे कामाचा दिवस सूर्यावर मोजला जाई : उजाडले की यंत्रे सुरू, मावळले की बंद. हिवाळ्यात तो दिवस सुमारे बारा तासांचा असे, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. पुरुषांबरोबर स्त्रिया आणि लहान मुलेही त्यात होती. विसाव्याची ठरलेली वेळ नव्हती. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. एखाद्या रविवारी यंत्रे थांबली तरी ती पुसायला, तेलपाणी करायला कामगारालाच यावे लागे.

याहून मोठी अडचण होती ती बेभरवशाची. कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या हाती असे. त्याची मर्जी राखण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. केलेल्या महिन्याचा पगार पुढचा महिना बराच उलटून गेल्यावर हाती पडे. तोपर्यंत वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर संसार चाले. अडकलेला पगार हीच कामगाराच्या पायातील बेडी होती : नोकरी सोडावी तर मागचा पगार बुडण्याची भीती, आणि न सोडावी तर जॉबरचा जाच. अपघात झाला तर जखमी माणूस घरी बसे आणि त्याची मजुरी त्याच दिवशी थांबे.

या अंधारात नारायणरावांना दिवा मिळाला तो पुण्याहून. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. नारायणराव या समाजाचे कार्यकर्ते झाले. माणूस जन्माने लहान-मोठा नसतो आणि शिक्षणावाचून गुलामगिरी सुटत नाही, ही शिकवण त्यांनी तेथे घेतली. शेतकऱ्यांविषयी जोतीराव जे सांगत होते, तेच गिरणीत आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला लागू पडते, हे नारायणरावांच्या ध्यानात आले.

सत्यशोधक विचारांचे मुखपत्र म्हणून कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले होते. पैशाअभावी ते चालवणे कठीण होऊन बसले. १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईत आणले आणि त्याच्या संपादनासाठी गिरणीतील नोकरी सोडली. घर चालवणाऱ्या माणसाने पगाराची नोकरी सोडून तोट्यातले वर्तमानपत्र हाती घ्यावे, हे आजही व्यवहारी माणसाला पटणार नाही. परंतु त्या पत्राने एक अशी गोष्ट केली, जी तोपर्यंत फारशी कोणी केली नव्हती. शेतकरी आणि कामगार यांची दुःखे ते दर आठवड्याला छापू लागले. आपल्या गिरणीत झालेला अन्याय कागदावर उमटतो, चाळीत मोठ्याने वाचला जातो आणि साहेबाच्या टेबलावरही पोहोचतो, हा अनुभव कामगाराला नवीन होता.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे, कारण चरित्र म्हणजे केवळ आरती नव्हे. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधू'त प्रसिद्ध झाली आणि पुढची छापायचे थांबले. सरकारवर आणि नोकरशाहीवर इतके जळजळीत लेखन छापावे, तर पत्रच बंद पडेल, ही भीती त्यामागे असावी. जोतीराव यामुळे संतापले आणि त्यांनी आपली नाराजी लेखी नोंदवून ठेवली. गुरूचा रोष पत्करूनही शिष्य पत्र जगवण्याच्या बाजूने उभा राहिला, असे कोणी म्हणेल. तो कचरला, असेही कोणी म्हणेल. दोन्हींत तथ्य आहे. मात्र या प्रसंगाने दोघांचा मार्ग कायमचा वेगळा झाला नाही. कामगारांच्या प्रश्नावर जोतीराव नारायणरावांच्या पाठीशी राहिले आणि मुंबईत कामगारांसमोर बोललेही. नारायणरावांचा स्वभाव या प्रसंगातून दिसतो. ते घणाघाती नव्हते. वाटाघाटीने, अर्जाने, चिकाटीने पुढे जाणारे ते गृहस्थ होते.

याच काळात कारखान्यांसाठी कायदा करावा की नाही, यावर मोठा वाद चालू होता. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे परोपकारी गृहस्थ काही वर्षे कायद्याची मागणी करीत होते. दुसरीकडे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही हिंदुस्थानात असा कायदा हवा होता; पण त्यांचा हेतू वेगळा होता. मुंबईचे स्वस्त कापड त्यांच्या मालाशी स्पर्धा करू लागले होते. त्यामुळे येथील अनेक देशाभिमानी पुढाऱ्यांनी आणि पत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा परकीयांचा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या संशयाला आधार नव्हता असे नाही. परंतु या युक्तिवादात चौदा तास उभे राहणाऱ्या स्त्रीला आणि सुताच्या धुरळ्यात वाढणाऱ्या मुलाला जागा नव्हती. देशी उद्योग वाढावा हे खरे, पण तो कोणाच्या झोपेवर आणि कोणाच्या हाडांवर वाढावा, हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते. नारायणरावांनी तो विचारला. त्यासाठी परकीयांचे हस्तक ठरण्याचा धोका त्यांनी पत्करला.

१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला, पण तो तोकडा होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली; सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या वेळेविषयी त्यात काहीच नव्हते. शिवाय यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. नव्याण्णव माणसांच्या कारखान्यातील मूल कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

या कायद्यात सुधारणा करावी काय, याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार होते, डॉक्टर बोलणार होते, अधिकारी बोलणार होते. ज्यांच्याविषयी हे सारे चालले होते, त्यांचे म्हणणे कोण मांडणार? नारायणरावांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. याच सभांतून 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. हिंदुस्थानातील कामगारांची ही पहिली संघटना मानली जाते.

सभेने पाच मागण्या ठरवल्या. पहिली, दर रविवारी सर्व कामगारांना पूर्ण दिवसाची सुट्टी मिळावी. दुसरी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे. चौथी, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा. पाचवी, कामावर असताना गंभीर इजा झाल्यास बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण मजुरी मिळावी, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या.

या मागण्या आज पुन्हा वाचल्या की त्यांतील संयम जाणवतो. पगारवाढीचा त्यांत शब्दही नाही. साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस म्हणजे बारा तासांच्या आसपासच. तेवढा तरी ठरलेला असावा, इतकेच मागणे होते. पगार वेळेवर, विसावा अर्ध्या तासाचा, आणि हात तुटला तर उपाशी मरण्याची पाळी येऊ नये. बेभरवशाच्या जगण्याला थोडा तरी भरवसा यावा, हा या पाचही मागण्यांचा समान धागा होता.

आणि ५,५०० सह्या या आकड्यामागील श्रमही ध्यानात घेतले पाहिजेत. बहुतेक कामगारांना लिहिता-वाचता येत नव्हते. अशा माणसाची सही अर्जावर यायची, तर तो अर्ज त्याला कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे. तोही दिवस मावळल्यावर, कारण दिवसभर तो गिरणीत. जॉबरच्या कानावर गेले तर काम जाईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात असणार. तरीही साडेपाच हजार माणसांनी आपले नाव पुढे केले. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, नगरपालिकेच्या निवडणुकीत ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्या माणसांनी सरकारदरबारी केलेले हे पहिले मोठे राजकीय कृत्य होते. राजकारण म्हणजे केवळ कायदेमंडळातील भाषण नव्हे. दिव्याच्या उजेडात शेजाऱ्याला अर्ज समजावून सांगणे हेही राजकारणच आहे.

संघटना म्हणून या संस्थेत उणिवा होत्या. आजच्या युनियनप्रमाणे तिला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. संपाची ताकद तिच्यापाशी नव्हती. 'दीनबंधू'चे कार्यालय, अध्यक्ष म्हणून नारायणराव, आणि हाक दिली की जमणारे हजारो कामगार, एवढीच तिची मालमत्ता होती. या कारणास्तव तिला खरी कामगार संघटना म्हणावे की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ज्याच्या नोकरीची शाश्वती नाही त्याने वर्गणी कोठून द्यावी आणि सभासदांच्या यादीत नाव तरी कसे नोंदवावे? बेभरवशाच्या कामगाराची संघटना आरंभी अशीच असते : कागदावर थोडी, माणसांत पुष्कळ.

आयोगाने कामगारांचे म्हणणे ऐकले, अहवाल दिला आणि प्रकरण थंडावले. १८८४ गेले, ८५ गेले, ८६ गेले. गिरण्या पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या. कामगार वाटेल तेव्हा गैरहजर राहतात, त्यांना वेगळी सुट्टी कशाला हवी, असा मालकांच्या बाजूचा युक्तिवाद असे. एखाद्या उत्साही माणसाचा उत्साह मावळण्यास एवढा काळ पुरेसा आहे. नारायणरावांनी पत्र चालू ठेवले, सभा चालू ठेवल्या आणि सरकारकडे अर्ज करणेही चालू ठेवले.

अखेर २४ एप्रिल १८९० हा दिवस उजाडला. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्स परिसरात कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. श्रीमंतांच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी राखलेल्या मैदानाजवळ गिरणीची माणसे बसली होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या काळात प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी सभेला नुसते येणेही वादाचा विषय होत असे, त्या काळात गिरणीत राबणाऱ्या दोन बायका दहा हजारांसमोर उभ्या राहून बोलल्या. त्यांची नावे सर्वांच्या ओठी राहिली नाहीत. पण भारतीय स्त्रीच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना तो दिवस वगळता येणार नाही.

रविवारच्या सुट्टीची मागणी सभेने एकमुखाने गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही सुट्टी भरपगारी नव्हती. उक्त्या मजुरीवर काम करणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळणार नव्हते. पोटाला चिमटा घेऊन कामगार विसावा मागत होता. यावरून त्याच्या देहाला आणि मनाला त्या विसाव्याची किती निकड होती, हे कळते. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने मागणी मान्य केली आणि मुंबईच्या गिरण्यांत रविवार सुट्टीचा झाला. परळमधील पहिल्या सभेपासून मोजले तर या एका दिवसासाठी जवळजवळ सहा वर्षे लागली.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या नव्या कारखाना आयोगाच्या मुंबईतील कामात नारायणरावांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ साली सुधारित कायदा झाला. पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत त्याची कक्षा वाढली. आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास विसावा यांना कायद्याचा आधार मिळाला. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा ठरली. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि त्यांचे तास सात झाले. हे यश पाहण्यास जोतीराव मात्र उरले नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले होते.

नारायणरावांचे काम गिरणीच्या फाटकापाशी थांबले नाही. १८९० सालीच मुंबईतील न्हावी बांधवांना त्यांनी एकत्र आणले. त्या काळी काही उच्चवर्णीय जातींत विधवा स्त्रीचे केशवपन करण्याची क्रूर चाल होती. ते काम न्हाव्याच्या हातून होई. यापुढे विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार शेकडो न्हाव्यांनी सभेत केला. या निर्धाराची किंमत त्यांनाच मोजायची होती. रोजची मिळकत घटणार होती, गिऱ्हाइकांचा रोष ओढवणार होता. हातावर पोट असलेल्या माणसांनी स्वतःच्या मजुरीसाठी नव्हे, तर परक्या घरातील एका असहाय स्त्रीच्या सन्मानासाठी काम नाकारले. संघटना माणसाला केवळ मागायला शिकवते असे नाही; नकार द्यायलाही शिकवते, हे या घटनेतून दिसले.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरण्यांच्या वस्तीतही त्याची झळ पोहोचली. एकाच खात्यात शेजारी शेजारी काम करणारी माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. अशा वेळी नारायणरावांनी पुढाकार घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या लोकांची एकोप्याची सभा घडवून आणली. कामगारांत तट पडले तर पाच मागण्यांपैकी एकही टिकणार नाही, हे त्यांना उमगले असले पाहिजे. पुढे १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. तोट्यातील वर्तमानपत्र चालवणारा माणूस सरकारदरबारी मान्यता पावला. पण त्यांचे राहणे, वावरणे आणि कामाची जागा बदलली नाही.

ते कोठे उभे होते, हे शेवटच्या संकटात स्पष्ट दिसले. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला. काही महिन्यांतच शहराची दैना झाली. ज्यांना शक्य होते ते मुंबई सोडून गेले. गिरण्या ओस पडू लागल्या. मागे राहिले ते जायला जागा नसलेले गरीब. रोगाच्या भीतीइतकीच सक्तीने इस्पितळात नेले जाण्याची भीती लोकांच्या मनात होती. नारायणरावांनी अशा रोग्यांसाठी मराठा हॉस्पिटल उघडले आणि ते स्वतः शुश्रूषेच्या कामात उतरले. याच कामात त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, त्यांची प्राणज्योत मालवली. सुमारे एका महिन्याने, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. सत्यशोधक परंपरेतील दोन व्यक्तींनी एकाच साथीत, एकाच कारणासाठी प्राण दिले.

नारायणरावांच्या मागे त्यांची संस्था फार काळ टिकली नाही. परंतु कामाचा धागा तुटला नाही. १९०९ साली सीताराम केशव बोले आदी मंडळींनी मुंबईत कामगार हितवर्धक सभा काढली. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनांना अधिकृत मान्यता मिळाली.

त्या पाच मागण्यांचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. रविवार मिळण्यास सहा वर्षे लागली. दुपारचा अर्धा तास कायद्यात येण्यास सात वर्षे लागली. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांवर पहिली मर्यादा, तीही कापडाच्या कारखान्यांपुरती आणि बारा तासांची, १९११ साली आली. म्हणजे सत्तावीस वर्षांनी. अपघाताची भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला, एकोणचाळीस वर्षांनी. पगार ठरलेल्या मुदतीत दिलाच पाहिजे, असा कायदा १९३६ साली झाला, बावन्न वर्षांनी. परळच्या सभेत ज्या तरुणाने सही केली असेल, त्याच्या नातवाच्या पदरात ती शेवटची मागणी पडली. सही करणाऱ्याला आपल्या सहीचे फळ दिसेलच असे नसते. तरी सही करावी लागते.

आज या पाचही मागण्या पूर्ण झाल्या आहेत, असे आपण म्हणू शकतो काय? मोठ्या कारखान्यातील कायम कामगाराच्या बाबतीत कदाचित होय. पण १८८१ च्या कायद्याबाहेर राहिलेल्या त्या नव्याण्णव माणसांचे वारस आपल्या भोवती सर्वत्र आहेत. ठेकेदाराच्या हाताखालील सफाई कामगार, बांधकामावरील मजूर, घरोघरी धुणी-भांडी करणाऱ्या बायका, मोटारसायकलवर पार्सल पोहोचवणारी मुले, यांच्यापैकी कितीजणांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी आहे? पगार कोणत्या तारखेला मिळेल हे कितीजण निश्चित सांगू शकतात? पाय मोडला तर घर कसे चालेल, याचे उत्तर कितीजणांपाशी आहे? मोबाईलवरून काम मिळणाऱ्या अशा कामगारांची व्याख्या आपल्या संसदेने २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्रथमच केली. व्याख्येपासून प्रत्यक्ष लाभापर्यंतचे अंतर किती असते, हे नारायणरावांच्या चरित्रावरून आपण ओळखतोच.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा चालवणे म्हणजे काय, हे या ग्रंथाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सभेला वेळेवर जाणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, सरकारी कचेरीत तोच अर्ज पुन्हा पुन्हा घेऊन जाणे, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा करणे, यावाचून कोणतीही संस्था साठ वर्षे उभी राहत नाही. नारायणरावांचे कामही याच जातीचे होते. म्हणून त्यांचे चरित्र आपल्याला परके वाटू नये.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज कारखान्याचे चालक आहेत, कोणी अधिकारी आहेत, कोणी स्वतः ठेक्यावर काम करीत आहेत. आणि पालकांपैकी अनेकांच्या घरी रोज कोणी ना कोणी कामाला येते. त्या व्यक्तीला आठवड्याची एक सुट्टी, ठरलेल्या तारखेला पगार आणि आजारपणात कपात न करण्याचे आश्वासन द्यायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मुलांना नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट जरूर सांगावी. ती सांगून झाल्यावर, आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना रविवार आहे की नाही, हे मुलांनी विचारले तर त्यांना देता येईल असे उत्तर आपल्यापाशी असावे.